धोलावीरा बेटावर होतं म्हणतात, मग ते ओसाड का पडलं?

आम्ही वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली मंडळी धोलावीरा म्हणजे ‘तिकडं कच्छात कुठंतरी’ एवढंच सांगतो, पण हडप्पा संस्कृतीतलं ते प्राचीन शहर खरंच बेटावर आहे. खडीर बेट, चहूकडे रण. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, एरवी पांढरं मीठ. हडप्पाकाळी हा उथळ समुद्र असावा आणि बोटी येत असाव्यात, असं बरेच अभ्यासक मानतात.

गोडं पाणी मात्र तेव्हाही दुर्मीळच. म्हणून मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे अडवून तटबंदीच्या आत मोठाले हौद भरले. पूर्वेकडचा हौद बघून बडोदेकराला आपला सूरसागर तलाव आठवणारच. फक्त इथे कोरड्या तळापर्यंत दगडी पायऱ्या उतरता येतात.

सुमारे ४२०० वर्षांपूर्वीपासून हवामान कोरडं होत गेलं. शहर एका रात्रीत बुडालं-बिडालं नाही. आधी डागडुजी थांबली, मग माणसं पांगली, मधे काही काळ वस्ती सुटलीच. शेवटी जे आले त्यांनी त्या आखीव नगरात गोल घरं बांधली, साधारण आजच्या कच्छमधल्या ‘भुंगा’ नावाच्या गोल घरांसारखी. व्यापार बसला हेही कारण सांगतात, तेही खरंच असेल. एकट्या भूकंपावर खापर फोडणं मात्र मला पटत नाही.