वाचकांचे प्रश्न: मोटरहोममधला गिझर पेटतो आणि लगेच विझतो

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो. एप्रिलमध्ये एक सेकंडहँड मोटरहोम घेतलं, २६ फुटी. पुढच्या महिन्यात साताऱ्याहून सासूबाई आणि सासरे येतायत, त्यांना घेऊन स्मोकी माउंटन्सला केड्स कोव्हमध्ये ४ दिवस राहायचा बेत आहे. पण गिझरचं काही जमेना. गॅसवर लावला की आधी टकटकटक आवाज येतो, मग भप्पकन पेटतो, ८-१० सेकंद जळतो आणि विझतो. असं ३ वेळा होतं आणि मग आत बटणाजवळचा लाल दिवा लागतो. घरी प्लग लावून करंटवर चालवला तर शॉवरला पाणी कोमटच येतं, १५ मिनिटं सोडलं तरी कोमटच, ना कडक होतं ना गार पडतं. मेकॅनिक म्हणतो सर्किट बोर्ड गेला, साडेतीनशे डॉलर होतील. सासऱ्यांना पहाटे उठल्या उठल्या कडक पाण्याची अंघोळ लागते हो. काय करू, बदलू का बोर्ड?

उत्तर: ताई, बोर्ड बदलू नका, निदान एवढ्यात तरी नको. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं काम तिथेच झालंय. मला तर हे २ वेगळे बिघाड दिसतायत आणि दोन्ही बहुतेक बिनखर्चाचे आहेत.

आधी कोमट पाण्याचं बघू कारण ते सोपं आहे. कॉइल कमजोर असती तर टाकीतलं होतं नव्हतं ते कोमट पाणी संपून थोड्या वेळाने गारच यायला लागलं असतं. तुमच्याकडे १५ मिनिटं एकसारखं कोमट येतंय म्हणजे गिझर पाणी तापवतोय पण वाटेत कुठेतरी त्यात गार पाणी मिसळतंय. ओहायोच्या थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून आधीच्या मालकाने गाडीचं पाणी काढून पाइपात ते गुलाबी, न गोठणारं अँटीफ्रीज भरलं असणार, आणि टाकीत ६ गॅलन अँटीफ्रीज वाया जाऊ नये म्हणून गिझर बायपास केला असणार, म्हणजे पाणी गिझरला वगळून जाईल असे व्हॉल्व फिरवले असणार, सगळे तसंच करतात. वसंतात ते व्हॉल्व परत फिरवायचे असतात आणि तिथेच एखादा राहून जातो. गिझरच्या मागच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या आतून, बहुतेक पलंगाखाली नाहीतर ओट्याखालच्या कपाटात, ३ व्हॉल्व दिसतील. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर व्हॉल्व उघडा आहे, आडवी असेल तर बंद आहे. गिझरला पाणी नेणारा आणि गिझरमधून आणणारा हे दोन्ही रेषेत पाहिजेत आणि त्यांना जोडणारा मधला आडवा. माझा अंदाज, तुमचा मधला उघडा राहिलाय. (काही गाड्यांत ३ ऐवजी एकच किंवा २ व्हॉल्व असतात, तिथे बहुधा स्टिकर लावलेलं असतं.) व्हॉल्व बरोबर निघाले तर गाडीच्या बाहेरचा शॉवर बघा. पुष्कळ लोक तिथे फक्त हँडलवरचं बटण बंद करतात आणि गरम गार दोन्ही नळ उघडेच ठेवतात, मग दोन्ही पाणी तिथे एकमेकांत जातं आणि अख्ख्या गाडीला कोमट पाणी मिळतं.

एक मात्र कळकळीने सांगतो, गरम नळातून सलग धार आल्याशिवाय करंटचं बटण लावायचं नाही. रिकाम्या टाकीत कॉइल बघता बघता जळते. जळल्याची शंका असेल तर प्लग काढून, वायर सोडवून मल्टीमीटर लावा, १४४० वॅटच्या कॉइलला साधारण १० ओहम दाखवायला पाहिजे.

आता गॅसचं. केड्स कोव्हच्या कॅम्पग्राउंडला वीज जोडणी नाही आणि शॉवरही नाहीत, जनरेटरही ठराविक वेळेतच चालवता येतो, पहाटे तर नाहीच, म्हणजे सासऱ्यांची अंघोळ तुमच्या गॅसवरच होणार. पेटून विझतोय याचा अर्थ ठिणगी पडतेय, गॅस येतोय, बोर्डाचं कामही निम्म्याहून जास्त होतंय. अडतंय कुठे, तर ज्योत लागली हे बोर्डाला कळत नाहीये. ठिणगीचा जो इलेक्ट्रोड असतो त्याच्यातूनच, ज्योतीमधून एक अगदी बारीकसा करंट वाहतो, तो मिळाला तरच बोर्ड गॅस चालू ठेवतो, नाहीतर ज्योत नाही असं समजून बंद करतो. ३ वेळा प्रयत्न करतो आणि लाल दिवा लावून थांबतो. म्हणजे तो नीट वागतोय, न जळलेला गॅस साठू देत नाहीये.

करंट का मिळत नसेल? माझ्या अनुभवात पहिला संशयित कोळी. गॅसला जो घाण वास मुद्दाम घातलेला असतो त्याला कोळी येतात असं सगळे जुने आरव्हीवाले (मोटरहोमवाले) सांगतात, आणि बर्नरच्या नळीत जाळं मी स्वतः कितीतरी वेळा पाहिलंय. मागच्या जूनमध्ये माझ्याच गाडीच्या नळीतून वाटाण्याएवढा पांढरा कापसासारखा गोळा निघाला, बोटात धरला तर वजनसुद्धा जाणवेना, आणि तेवढ्याने २ दिवस गरम पाणी बंद. तुमच्या आजीकडे तांब्याचा बंब असेल तर आठवा, मधल्या नळीत राख तुंबली की बंब नुसता धुमसायचा. इथेही तेच, हवा कमी पडली की ज्योत पिवळी आणि मऊ होते, इलेक्ट्रोडला नीट लागतच नाही. ज्योत निळी पाहिजे आणि तिचा घुर्रर्र असा भरीव आवाज पाहिजे.

तर असं करा. सिलेंडर बंद, बटण बंद, गिझर पूर्ण गार होऊ द्या. बाहेरचं जाळीचं झाकण काढा, बर्नरची नळी बहुतेक एकाच स्क्रूवर असते, ती काढून बाटली घासायच्या बारीक ब्रशने आतून साफ करा. गॅस येतो त्या पितळी तोटीच्या भोकात मात्र तार किंवा सुई अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. इलेक्ट्रोडचं टोक बारीक पॉलिश पेपरने हलकंच घासा, पांढऱ्या चिनीमातीला तडा गेलेला नाही ना बघा, दोन टोकांतलं अंतर साधारण १/८ इंच ठेवा. अर्थिंगचा स्क्रू काढून गंज घासून परत घट्ट बसवा, हा स्क्रू लोक हमखास विसरतात.

बॅटरीही बघा, पण गिझर चालू असताना. नुसती मोजली तर १२.६ व्होल्ट दाखवेल आणि लोड आला की धपकन खाली येईल, साडेदहाच्या आसपास आली की गॅसचा व्हॉल्व धरून राहत नाही. आणि आत शेगडीचे सगळे बर्नर एकदम लावून बघा, ज्योत मलूल झाली तर रेग्युलेटरची शंका, तिथे प्रेशर ११ इंच वॉटर कॉलम (गॅसचा दाब मोजायचं माप) लागतं आणि ते मोजायचं काम टेक्निशियनलाच द्या. सिलेंडर उघडताना हळू उघडा, झटक्यात उघडला की आतला सेफ्टी व्हॉल्व गॅस अडवून धरतो. जोड उघडलेत तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचंच.

एवढं सगळं करूनही विझला तर मग बोर्ड. पण कोणी थर्मल कटऑफला वायर लावून बायपास करतो म्हणाला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. आग लागली की गॅस तोडायला ती एवढीशी वस्तूच असते तिथे.

पहाटे सासऱ्यांच्या अंघोळीआधी अर्धा तास गिझर लावा, तेवढ्यात ६ गॅलन तापतं. पाणी ६० सेल्सियसपर्यंत जातं हं, म्हाताऱ्या माणसाची कातडी ५ सेकंदात भाजते. बादलीत आधी गार घ्या मग गरम, तसे दोघांना पुरेल इतकं पाणी होतं.

प्रश्न: आमच्या टेक्ससच्या गाडीत फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. गिझर बदलावा लागेल का?

उत्तर: नाही. तुमची टाकी स्टीलची असेल तर आत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असेल (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी), पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू त्याच्या जोडीने तो वास करतात. गिझर गार करा, पाणी बंद करा, गरम नळ आणि प्रेशरचा व्हॉल्व उघडून दाब काढा, मगच रॉड खोला, १ पूर्णांक १/१६ इंचाचं सॉकेट लागतं. रॉड चघळलेल्या उसाच्या चिपाडासारखा झाला असेल तर बदला, टाकीतला पांढरा चुरा धुऊन काढा आणि दर १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच घालून ते गरम नळांपर्यंत खेळवून रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत धुवा. वास परत आला तर अ‍ॅल्युमिनियमचा रॉड लावून बघा. टाकीच अ‍ॅल्युमिनियमची असेल तर रॉड घालायचाच नाही, तिथे प्लॅस्टिकचा प्लग असतो तोच राहू द्या.