तिसऱ्या गाण्यानंतर सगळं एकच वाटतंय!

प्रश्न : वय ५२. देवल क्लबच्या मैफिली ऐकत मोठा झालो. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, ती नव्या सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर वाजवलेलं पॉप) अल्बमच्या लिंक पाठवत असते, 'बाबा ऐकाच' म्हणून. रात्री जेवण झालं की फोनवर लावतो, पण तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळं एकच वाटायला लागतं, विसर्जनातली डॉल्बी फक्त बारीक आवाजात. मशीननंच वाजवायचं तर दाद द्यायची कुणाला? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दादा, आधी तो फोन खाली ठेवा. फोनच्या स्पीकरमधून खालचा बेस, म्हणजे साधारण १०० हर्ट्झच्या खालचं, जवळपास येतच नाही आणि या संगीताचा अर्धा जीव तिथंच असतो. स्टीलच्या पेल्यात ठेवला तर आवाज मोठा होईल, बेस नाही येणार. मी स्वतः एक अख्खा अल्बम असा पेल्यात ऐकून 'फालतू आहे' म्हणून चार जणांना सांगून बसलो होतो, मग मित्राच्या गाडीत तोच लागला आणि गप बसलो.

आता दादेचं. तुमचा कान तान आणि मींड शोधत बसतो, इथं चाल मुद्दाम साधी ठेवलेली असते, कष्ट आवाजाच्या पोतावर घेतलेले असतात. एक करून बघा, एकाच सुरात 'ऊ' म्हणा आणि तोंड हळूहळू उघडत 'आ'वर या. सूर तोच, पण आवाज उजळला की नाही? सिंथवरचा फिल्टरचा नॉब हेच करतो, आणि तो कधी, किती सावकाश उघडायचा हे कुणीतरी माणूसच ठरवतो ना. दाद तिथं द्यायची.

आणि मशीनचं म्हणाल तर पेटी तरी कुठं आपली होती? १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, आज पेटीशिवाय गायक बसत नाही.

तुमच्यासाठी तर दार घरातलंच आहे, त्यामुळे नव्याच्या आधी एक जुना सांगतो. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे चरणजित सिंग, त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. यमन आहे, मालकंस आहे, कलावती पण आहे. तेव्हा कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चाट पडले, कारण शिकागोतलं ॲसिड हाऊस हे नाचाचं संगीत रोलँडच्याच ज्या टीबी-३०३ या बेसच्या मशीनवर उभं राहिलं तीच मशीन या माणसानं त्यांच्या चार-पाच वर्षं आधी वापरली होती. मालकंस ओळखीचा असल्यानं तुमचं लक्ष आपोआप आवाजाकडं जाईल.

मग द वीकेंड या गायकाचा २०२२ चा 'डॉन एफएम' घ्या. अख्खा अल्बम एका रेडिओ स्टेशनसारखा बांधलाय, मधे निवेदक बोलतो (सिनेमातला जिम कॅरी!), एक गाणं संपता संपता दुसऱ्यात शिरतं. शफल (गाणी उलटसुलट लावणारं बटण) बंद हां, नाहीतर विलंबितच्या आधी द्रुत ऐकल्यासारखं होईल. डेपेश मोड या बँडचा २०२३ चा 'मेमेंटो मोरी' नंतर, जरा जड आहे. त्यांचा जुना साथीदार अँडी फ्लेचर २०२२ मध्ये गेला, त्यानंतर उरलेल्या दोघांनी मिळून पुरा केलेला. एका बैठकीत ऐकू नका, लई अंगावर येतो.

आणि मुलीला म्हणावं, महिन्याला एकच पाठव.

प्रश्न : कॉलेजला आहे, लॅपटॉप आहे, खिशात काही नाही. सिंथ शिकता येईल का? – रंकाळ्याजवळून

उत्तर : येईल की भावा. 'सर्ज एक्सटी' हा लॅपटॉपवरचा सिंथ फुकट आहे, 'व्हायटल'ची पण फुकट आवृत्ती मिळते. फक्त तयार आवाजांच्या यादीत हरवू नको, एकच आवाज घे आणि त्याचे सगळे नॉब फिरवून बिघडवून बघ. हेडफोन लावून, घरचे झोपलेले असतात.