'शब्दसंख्या' की 'शब्दगणना'? आणि मुळात मोजतात ते काय?

प्रश्न असा आला आहे: "लेखन-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ड काउंट' असतो, त्याला मराठीत शब्दसंख्या म्हणावं की शब्दगणना? शिवाय मी माझा लेख स्वतः मोजला तर एक आकडा येतो आणि संगणक दुसराच सांगतो. बरोबर कोण?"

पहिल्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, फक्त दुसऱ्या शब्दांत. 'जनगणना' आणि 'लोकसंख्या' यांत आपला कधी गोंधळ होत नाही. दारोदार जाऊन माणसं मोजतात ती जनगणना, आणि शेवटी हाती येतो तो आकडा लोकसंख्या. हीच वाटणी इथे लागू पडते: मोजण्याची क्रिया ती शब्दगणना आणि निघालेला आकडा ती शब्दसंख्या. इंग्रजीत 'काउंट' हा एकच शब्द दोन्ही कामं करतो, म्हणून भाषांतर करणारा नेमका तिथे अडखळतो आणि "या लेखाची शब्दगणना 800 आहे" असं लिहून बसतो. "देशाची जनगणना इतके कोटी आहे" असं म्हणून पाहा, कान लगेच तक्रार करतील.

'गणना' जड वाटत असेल तर 'मोजणी' आहेच. काहींना मोजणी म्हटलं की जमिनीची मोजणी आठवते, पण 'मतमोजणी' इतकी रुळली आहे की 'शब्दमोजणी'ला कोणी नाक मुरडू नये. बटणावर लिहायचं असेल तर मी नामाच्या भानगडीत पडणारच नाही, सरळ 'शब्द मोजा' लिहीन. बटण आज्ञा घेण्यासाठीच असतं.

यातलं काहीही निवडा, पण नाम म्हणून वापरताना 'शब्द संख्या' असं तोडून लिहू नका. हा सामासिक शब्द आहे, जोडूनच लिहायचा. गंमत अशी की तोडून लिहिलात तर यंत्र ते दोन शब्द मोजतं आणि जोडून लिहिलात तर एक. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

सॉफ्टवेअरला शब्द कळत नाही. त्याला मोकळी जागा कळते. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे काही सापडेल त्याला ते शब्द म्हणतं. ही रीत जुनी आहे. युनिक्स या संगणकप्रणालीच्या 1971 मधल्या पहिल्याच आवृत्तीत 'डब्ल्यूसी' नावाची शब्द मोजणारी आज्ञा होती, आणि तीही मोकळ्या जागांवरच विसंबून असे. आजची लेखन-संपादनाची सॉफ्टवेअर दिसायला कितीही देखणी असली तरी देवनागरी मजकुरासाठी मूळ युक्ती तीच आहे. त्यामुळे 'आज-उद्या' हा एक शब्द, 'आज उद्या' हे दोन, आणि संयोगचिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून 'आज - उद्या' लिहिलं तर तीन! मधली बिचारी आडवी रेघसुद्धा शब्द ठरते. मजकुराच्या डोक्यावर '॥ श्री ॥' लिहिलं तर तेही याच न्यायाने तीन शब्द. लिबरऑफिस या लेखनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निदान शब्द तोडणारी जादा चिन्हं कोणती मानायची ते पर्यायांत जाऊन ठरवता येतं. लांब रेघा त्या यादीत आधीपासून असतात, साधं संयोगचिन्ह नसतं.

इंग्रजीत ही युक्ती बऱ्यापैकी खपून जाते. मराठीत मात्र भाषेच्या स्वभावालाच ती आडवी जाते. 'द बुक इज ऑन द टेबल' हे मोजून सहा शब्द. त्याचंच 'पुस्तक टेबलावर आहे' केलं की तीन. हिंदीत 'बच्चों के साथ भी' हे चार, आपलं 'मुलांबरोबरसुद्धा' एकच. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, हे त्याचं कारण. त्यात बोलीचा बाज आला की 'गेला आहे'चं 'गेलाय' होतं आणि आणखी एक शब्द गळतो. म्हणजे 500 शब्दांचा मराठी निबंध आणि 500 शब्दांचा इंग्रजी निबंध हे एकाच मापाचे नव्हेत. मराठीवाल्याला त्याच मर्यादेत जास्त सांगता येतं, आणि शब्दावर मोबदला घेणाऱ्या अनुवादकाने कोणत्या भाषेतले शब्द मोजायचे हे आधीच विचारून घ्यावं.

इथे जुन्या व्याकरणकारांची आठवण येते. 'शब्द' आणि 'पद' हा भेद त्यांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. 'सुप्तिङन्तं पदम्' हे पाणिनीचं सूत्र: ज्याच्या शेवटी विभक्तीचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय आहे ते पद. 'मूल' हा शब्द, 'मुलांना' हे पद. वाक्यात वावरतात ती पदं, शब्द कोशात राहतात. त्या हिशेबाने संगणक मोजतो ती फार तर पदसंख्या. तीही धड नाही, कारण आडवी रेघ काही पद नव्हे. तरी 'पदसंख्या' म्हणा असं मी सुचवणार नाही, कारण ऐकणाऱ्याला आधी नोकरीतली रिक्त पदं आठवतील.

हाताने मोजताना तुमचा आकडा वेगळा का येतो, याचं एक कारण हेच असावं. माणूस अर्थाने मोजतो. सुटी रेघ तो सोडून देतो, 'दोन - तीन' आणि 'दोन-तीन' सारखेच धरतो, चुकून तुटलेलं 'मुलां साठी' मनातल्या मनात जोडून घेतो. फोनच्या कीबोर्डाने तर या तुटीला हातभारच लावला आहे. सुचवलेला शब्द निवडला की बरेच कीबोर्ड पुढे आपणहून जागा सोडतात, मग 'साठी' पलीकडे जाऊन बसतो. दुसरं कारण तळटीपांचं. वर्डमध्ये त्या धरायच्या की नाहीत याची चौकट असते, गुगल डॉक्स त्या मोजतच नाही. तेव्हा भांडण्याआधी ती चौकट बघा.

शब्दांच्या आकड्याशेजारी 'कॅरेक्टर्स'चाही आकडा असतो, आणि त्याचं मराठी 'अक्षरं' असं करतात. हे मात्र मला साफ नामंजूर आहे. 'स्वातंत्र्य' या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं मूलही सांगेल, तीन: स्वा, तं, त्र्य. संगणक सांगतो 11, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांची चिन्हं संगणकात साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, काना, अनुस्वार, प्रत्येक हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. साठवणुकीचे बाइट मोजले तर 33 भरतात, कारण नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. अक्षर म्हणजे काय हे युनिकोडवाल्यांनाही हळूहळूच उमगलं. डोळ्यांना एक दिसणारा पुंजका कसा ओळखायचा याचे त्यांचे नियम आहेत. जुन्या नियमाने 'स्वातंत्र्य'चे सहा तुकडे पडत. 2023 च्या 15.1 आवृत्तीत जोडाक्षर तोडू नये असा नियम देवनागरीसाठी आला, तेव्हा कुठे ते तीन झाले. पण खिडकीत दिसणारा आकडा अजून सुट्या चिन्हांचाच असतो. म्हणून त्याला 'चिन्हसंख्या' म्हणावं.

आणि चिन्हंही फसवतात. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, तेव्हा चिन्हं 7 होतात. दुसरीत साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, तेव्हा 8. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आकडा वेगळा येतो आणि एक शोधायला गेलात तर दुसरा सापडेलच असं नाही.

आपल्याकडे लिहिलेल्या मजकुराचं माप पूर्वी शब्दांत नव्हतंच, आणि त्याला कारण होतं. पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. मोडीत तर आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं सलग टांगत जायचं. जागाच नाही तर मोजणार काय? म्हणून लेखनिक अक्षरं मोजत. 32 अक्षरांचा एक 'ग्रंथ', म्हणजे अनुष्टुभाच्या आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांइतकं माप. मजकूर गद्य असला तरी माप हेच. पोथीच्या शेवटी 'ग्रंथसंख्या' इतकी, असा आकडा सापडतो तो याचाच. जोडाक्षर एकच धरायचं हे त्या लेखनिकाला कोणत्या आवृत्तीची वाट न पाहता ठाऊक होतं.

बरोबर कोण, हे राहिलंच. शब्दमर्यादा ज्याने घातली तो ज्या यंत्राने मोजणार आहे, त्याचा आकडा व्यवहारापुरता बरोबर. (पुस्तकाच्या आरंभी 'दोन शब्द' म्हणून चार पानं लिहिणाऱ्यांना ही मर्यादा कधीच लागू नव्हती.) चार-सहा शब्द जास्त भरत असतील तर वाक्यं कापण्याआधी 'साठी', 'सुद्धा', 'पर्यंत', 'बरोबर' कुठे सुटे पडलेत का ते बघा आणि जागच्या जागी जोडा. शुद्धलेखन सुधारतं आणि आकडाही उतरतो.