वारसाचा, वारशाचा आणि वसा

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या एका मराठी शाळेत जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा कार्यक्रम आहे. पत्रिकेवर ‘नागरी हक्क नेत्यांच्या वारसाचा सन्मान करूया, त्यांचे कार्य पुढे नेऊया’ असं छापायचंय. मराठी बरोबर आहे का?

आधी ‘वारसाचा’. वारस या शब्दाचं सामान्यरूप ‘वारसा-’, पण वारसा या शब्दाचं ‘वारशा-’. म्हणजे हा चक्क किंग यांच्या मुलाबाळांचा सत्कार झाला! ‘वारशाचा’ हवं. तेवढं दुरुस्त केलं तरी वाक्य अडखळतंच. आपल्याकडे सन्मान माणसाचा होतो, शाल-श्रीफळ देऊन. वारसा जपतात, चालवतात, सांगतात.

शिवाय ‘वारसा’ हा अरबी-फारसीकडून आलेला, तलाठ्याच्या दप्तरात रुळलेला शब्द. बाप गेला की वारसनोंद होते, सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढतं. त्यासाठी मुलाने जन्माला येण्यापलीकडे काही केलेलं नसतं. तुम्हाला तर काम पुढे न्यायचंय. मग ‘वसा’ का नको? आदित्यराणूबाईच्या कहाणीत ब्राह्मण वसा विचारतो, तेव्हा आधी त्यालाच ऐकून घ्यावं लागतं: उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. ‘उतत नाही, मातत नाही’ असं कबूल केल्यावरच त्याला वसा सांगतात.

किंग यांच्या बाबतीत तर दोन्ही शब्द लागतात. अटलांटाच्या एबेनेझर चर्चचं पाद्रीपण त्यांच्याकडे वारशाने आलं. आईचे वडील तिथे पाद्री, मग वडील, मग वडिलांच्या जोडीने ते. माँटगमरी शहरातला, बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवण्याविरुद्धचा बहिष्कार मात्र डिसेंबर १९५५ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्यांनी अंगावर घेतला. पुढे १९६३ साली बर्मिंगहॅमच्या आंदोलनात स्वयंसेवकांकडून दहा नियमांच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या घेत. त्यात एक नियम असा की हाताने, जिभेने किंवा मनानेही हिंसा करायची नाही. उतणार नाही, मातणार नाही, दुसरं काय!

‘वसा’ला व्रतवैकल्याचा वास येतो म्हणणारे भेटतील. जोतीराव फुल्यांबद्दल लिहिताना मीही थबकतो. पण आता हा शब्द देवघरातून कधीच बाहेर पडलाय. उलट गल्लीतल्या प्रत्येक वाढदिवसाच्या फलकावर ‘समाजसेवेचा वसा’ दिसतो, त्याचाच त्रास जास्त.

‘नागरी हक्क’ अगदी बरोबर. आपल्याकडचा १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदाही १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण याच नावाने ओळखला जातो. फक्त ‘नागरी हक्क नेते’ ही नुसती शब्दांची रांग वाटते, ती सोडवा.

मी असं छापेन: ‘नागरी हक्कांसाठी लढलेल्या नेत्यांना अभिवादन. त्यांचा वसा आपणही घेऊ या.’ आणि खाली त्या दिवशी मुलं कोणतं काम करणार तेही लिहा. १९९४ च्या कायद्याने तो तिथे सेवेचा दिवस ठरला आहे.

हो, ‘घेऊ या’ हे दोन शब्द. ‘करूया’, ‘नेऊया’ असं जोडून नको.