आवाजाची जात टोकाच्या सुरांवरून ठरत नाही

तुम्ही विचारले आहे की मोबाईलवरील एका ॲपने तुमच्या आवाजाचा पल्ला तीन सप्तकांचा दाखवून तुम्हाला ‘टेनर’ (पुरुषाचा वरचा आवाज) ठरवले, ऐरोलीतले तुमचे मित्र मात्र ‘बॅरिटोन’ (त्याहून खालचा, मधला आवाज) म्हणतात, आणि कराओकेवर मोहम्मद रफींची गाणी म्हणताना सूर वर चढू लागला की गळा आवळतो. मग खरे काय मानायचे, आणि लता मंगेशकर, किशोरकुमार यांचे आवाज नेमक्या कोणत्या प्रकारात बसतात? मी ठाण्यात नौपाड्याला एकोणीस वर्षे गाणे शिकवते. हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी घेऊन येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ॲपचे पाहू. ॲपला गाणे कळत नाही, त्याला फक्त कंपने मोजता येतात. सकाळी उठल्यावर घशातून जी करकर निघते ती त्याच्या लेखी सर्वांत खालचा सूर, आणि दचकल्यावर निघणारी किंकाळी हा सर्वांत वरचा. शिवाय प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट कंपनांचा अंशस्वर मिसळलेलाच असतो, त्यामुळे कधी कधी ॲप मूळ सुराऐवजी तो अंशस्वर पकडते आणि तुम्ही हार्मोनियमच्या मधल्या पांढरी एकवर, म्हणजे सेकंदाला सुमारे २६२ कंपनांवर असताना ५२३ दाखवून मोकळे होते. तीन सप्तके अशी भरतात. माझ्याकडे नवीन येणाऱ्या मुलामुलींना स्वच्छ ‘आ’कारात, शब्द कळतील अशा रीतीने जो पल्ला खरोखर वापरता येतो तो बहुधा दीड सप्तकाच्या आसपास असतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, कारण बहुतेक भावगीते आणि चित्रपटगीते तेवढ्याच जागेत बांधलेली असतात.

खालून वर अशा क्रमाने बास, बॅरिटोन, टेनर ही पुरुषांची आणि काँट्राल्टो, मेझो-सोप्रानो, सोप्रानो ही स्त्रियांची नावे युरोपातील समूहगान आणि ऑपेरा यांच्या गरजेतून आली आहेत. तिथे मायक्रोफोनशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असतो, म्हणून कोणत्या गायकाला कोणती भूमिका झेपेल हे आधी ठरवावे लागते. हे ठरवताना टोकाचे सूर सर्वांत शेवटी पाहतात. त्याआधी आवाज तासन्‌तास न थकता कुठे नांदतो हे पाहतात, ज्याला तिकडे टेसितुरा म्हणतात आणि मी वर्गात आवाजाची वस्ती म्हणते. त्यानंतर आवाजाचा पोत पाहतात, म्हणजे तो जाड आहे की पातळ, गडद आहे की उजळ. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा सांधा: वर चढत जाताना एका ठिकाणी छातीचा भरीव आवाज पुढे जाईनासा होतो आणि तो मस्तकाकडे वळवावा लागतो. बॅरिटोनचा हा सांधा टेनरच्या सांध्यापेक्षा साधारण तीन अर्धस्वर (अर्धस्वर म्हणजे हार्मोनियमवरच्या काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन सुरांमधले अंतर) खाली येतो. तुमचा गळा जिथे आवळतो तो बहुधा हाच सांधा आहे. तिथे आवाज वळवायचा सोडून तुम्ही तो ढकलत आहात. या सगळ्याच्या मुळाशी शरीर आहे. प्रौढ पुरुषांच्या स्वरतंतूंची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर आणि स्त्रियांच्या स्वरतंतूंची साधारण १२.५ ते १७.५ मिलिमीटर असते. रियाजाने ही लांबी बदलत नाही, बदलते ती त्या तंतूंवरची हुकमत.

आपल्याकडे हेच काम पट्टी, म्हणजे ज्या सुराला षड्ज (‘सा’) मानून गायचे तो सूर, करते, आणि मला तर ती पद्धत जास्त माणुसकीची वाटते, कारण आपण गायकाला खणात न बसवता गायकाच्या गळ्याप्रमाणे षड्ज हलवतो. पुरुष सामान्यतः काळी एक-दोनच्या आसपास आणि स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात, आणि ख्यालाचा मुख्य वावर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत, म्हणजे दोन सप्तकांचा असतो. हार्मोनियमवर बोट ठेवून पाहा: काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार पंचम आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा तार षड्ज हा एकच सूर आहे, सुमारे ४१५ कंपनांचा. तो पुरुष तिथे आपल्या सीमेवर उभा असतो, तर ती स्त्री अजून तार पंचमापर्यंत जायची असते. युगुलगीतात दोघांना एकाच षड्जावर गावे लागते, म्हणून कोणाला तरी तडजोड करावी लागते. कराओकेवर अशी गाणी म्हणताना पुरुषांना एक ओळ फार खाली आणि दुसरी फार वर का वाटते, याचे कारण यातच आहे.

आता गायकांकडे वळते. ‘अमक्याची चार सप्तके, तमक्याची पाच’ असे तक्ते तुम्ही पाहिले असतील. त्यांत करकर, किंकाळी, शीळ आणि गाणे यांची सरमिसळ असते, म्हणून मी त्यांवर विसंबत नाही. ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे उदाहरण घ्या. १९४६ साली झांझिबारला जन्मलेला हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. त्यांच्या आवाजावरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलाखतींमधला बोलण्याचा सूर मोजला, तर तो ११७ कंपनांच्या आसपास, म्हणजे मंद्रातल्या काळी पाचवर निघाला. बोलण्यावरून पाहिले तर हा बॅरिटोन. गाताना मात्र त्यांनी मुक्काम टेनरच्या प्रदेशात केला. बोलण्याचा सूर हा आवाजाच्या जातीचा मोठा सुगावा असतो, पण निकाल नव्हे, हे यावरून दिसते.

किशोरकुमारांचा आवाज माझ्या कानाला बॅरिटोनचा, भरदार आणि गडद वाटतो, पण त्यांच्या योडलिंगमुळे ऐकणाऱ्याला पल्ला आहे त्याहून मोठा भासतो. योडलिंग म्हणजे छातीच्या आवाजातून पातळ, वरच्या आवाजात क्षणात मारलेली उडी आणि तितक्याच सहज परत येणे. ज्या सांध्यावर तुम्ही अडता तोच सांधा ते खेळण्यासारखा वापरत. रफींचा आवाज टेनरच्या जवळचा होता आणि तार सप्तकात त्याला अधिक तेज चढे, तर हेमंतकुमारांचा आवाज खालच्या सुरांत फुलत असे. म्हणून हेमंतकुमार सहज जमणाऱ्या माणसाला रफी त्याच पट्टीत जमतीलच असे नाही. लताबाई आणि आशाताई यांना मी दोन वेगळ्या खणांत घालणार नाही. दोघींचा पल्ला जवळपास सारखाच वाटतो, फरक आहे तो पोतात, आणि जे पोताने ठरते ते सप्तके मोजून कसे कळणार? गंगूबाई हनगल (१९१३ ते २००९) यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर इतका भारदस्त झाला की डोळे मिटून ऐकणाऱ्याला पुरुष गातो आहे असे वाटावे. त्यांनी तो आवाज लपवला नाही, पातळही केला नाही. त्याच आवाजात किराणा घराण्याची गायकी उभी केली.

गंगूबाईंचे नाव मी मुद्दाम घेतले. माझाही आवाज खालचा आहे. कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात गायचे, आणि तिथे ‘मूळ पट्टीतच गायचे, नाहीतर गाणे पडते’ असा दंडक होता. दोन वर्षे मी काळी पाचमध्ये अक्षरशः मानेच्या शिरा ताणून गायले. मग एका गणेशोत्सवात दहा दिवसांत सात कार्यक्रम झाले आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हाक मारली तर नुसती हवा बाहेर आली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवले: दोन्ही स्वरतंतूंच्या कडेवर, समोरासमोर, मोहरीएवढ्या दोन गाठी. तीन महिने गाणे बंद, पहिले दहा दिवस बोलणेही बंद. पुन्हा गायला बसले तेव्हा माझ्या नव्या गुरूंनी पेटी पांढरी चारवर ठेवली, आणि मंद्रातला पंचम लावल्यावर समोरच्या तांब्याच्या फुलपात्रातले पाणी थरथरले. त्या आवाजाला मी इतकी वर्षे ‘नाही’ म्हणत होते याचे मला अजूनही वाईट वाटते.

म्हणून तुम्हाला सांगते, ॲप बंद करा आणि पेटी नसेल तर तानपुऱ्याचे साधे ॲप घ्या. काळी एकवर षड्ज लावा, ‘आ’कारात एकेक सूर खाली उतरा आणि जिथे सुराऐवजी श्वासच ऐकू येतो त्याच्या आधीचा सूर वहीत लिहा. मग वर चढा, आणि जिथे हनुवटी उचलावीशी वाटते किंवा आवाज चोरावासा वाटतो तो सूर लिहा. हे चार दिवस वेगवेगळ्या वेळी करा, कारण सकाळचा गळा आणि संध्याकाळचा गळा एक नसतो. चारही दिवस जो भाग सहज आला ती तुमची वस्ती. रफींचे गाणे त्या वस्तीत बसेल इतके कराओके खाली घ्या. पट्टी बदलण्याच्या बटणावर एक पायरी म्हणजे एक अर्धस्वर. तुमच्या वर्णनावरून मला वाटते की दोन ते तीन पायऱ्या पुरतील आणि तुम्ही उजळ पोताचे बॅरिटोन निघाल, पण आवाज प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय मी हे ठामपणे म्हणणार नाही. सांधा सोपा करण्यासाठी खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा, रियाज आणि ओठ फुरफुरवत सूर चढवण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे करा. काही महिन्यांत वर एक-दोन सूर मोकळे होतील. गाताना दुखले तर त्या दिवशी तिथेच थांबा, आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर पट्टीचा विचार बाजूला ठेवून आधी स्वरतंतू तपासून घ्या.