पेशीतल्या प्रथिनतंतूंच्या जाळ्यातून सूक्ष्म कण कसे सरकतात? अडकत नाहीत का?
अडकतात, पण कायमचे नाही. कण जाळ्याच्या भोकापेक्षा लहान की मोठा यावर बरंचसं ठरतं. कोल्हापुरात एम.एस्सी.च्या पोरांना हेच शिकवतो. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम ॲक्टिन, म्हणजे हे तंतू बनवणारं प्रथिन, घेऊन जाळं बनवलं तर भोकं साधारण ३०० नॅनोमीटरची होतात. त्यात सोडलेला १०० नॅनोमीटरचा मणी, म्हणजे बारीक गोल कण, त्यातून बराच मोकळा फिरतो. भोकाएवढा मणी मात्र नवरात्रात महाद्वार रोडवरच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखा जागीच चुळबुळतो आणि तंतू हलून फट पडली की एकदम शेजारच्या कप्प्यात उडी मारतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा माग काढला की रेघांचे गुंतवळ आणि मधल्या उड्या बघायला मजा येते. त्याहून मोठा कण नुसता थरथरतो. अर्थात जिवंत पेशीत मायोसिन हे मोटरसारखं काम करणारं प्रथिन ॲक्टिनला सतत ओढत असतं, शिवाय कायनेसिन हे तसंच दुसरं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे प्रथिनांच्या पोकळ नळ्यांवरून, ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकत माल वाहतं. तिथे नुसतं भोकाचं माप पुरत नाही.