क्लासची फी भरण्याआधी वडिलांची डायरी उघडा

पत्र: "माझी मुलगी लातूरला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला प्लॅनिंग इंजिनिअर व्हायचंय. पुण्यातला एक क्लास प्रायमाव्हेरा आणि पीएमपी असं दोन्ही मिळून ४५ हजारांत शिकवतो म्हणे. आमचे मिस्टर छोटे गुत्तेदार आहेत, घरं बांधतात. ते म्हणतात, कामाचं नियोजन डोक्यात असतं, त्याचा काय क्लास लावायचा? फी भरावी का? हे काम ऑफिसातलं की साइटवरचं? मुलीच्या जातीला झेपेल का?" — एक आई, ता. औसा

ताई, नमस्कार.

फी आत्ता भरू नका. पण मुलीने निवडलेली वाट चांगली आहे, तिला अडवूही नका.

आधी पीएमपीचं सांगतो, कारण तिथे पैसे फुकट जातात. पीएमपी ही अमेरिकेतल्या पीएमआय या संस्थेची प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा. चार वर्षांची पदवी हातात असली तरी प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवल्याशिवाय तिला बसता येत नाही. तिसऱ्या वर्षातली मुलगी तो आणणार कुठून? नवख्यांसाठी त्याच संस्थेची सीएपीएम नावाची परीक्षा आहे, तिला बारावी आणि २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. तीही पदवीच्या शेवटच्या वर्षात बघता येईल. विद्यार्थ्याला पीएमपी विकणाऱ्या क्लासने ही अट तुम्हाला सांगितली का, एवढं फोन करून जरूर विचारा.

प्रायमाव्हेरा म्हणजे कामाचं वेळापत्रक बनवायचं सॉफ्टवेअर, त्याचं तसं नाही. मोठे रस्ते, मेट्रो, रिफायनरी अशा कामांत ते खरोखर वापरलं जातं. पण सॉफ्टवेअर फक्त हिशेब करतं. कोणतं काम कशानंतर येतं आणि त्याला किती दिवस लागतात, हे माणसालाच सांगावं लागतं. मुलाखतीत पोरं अडतात ती इथेच. बटणं सगळी पाठ असतात, पण दहा बाय बाराच्या खोलीचा गिलावा एक मिस्त्री आणि दोन बिगारी किती दिवसांत उरकतात, हे विचारलं की गप्प बसतात. तुमच्या मुलीला याचं उत्तर रात्री जेवताना घरातच मिळू शकतं. म्हणून म्हणतो, तिचा पहिला क्लास वडिलांकडे.

वडील म्हणतात नियोजन डोक्यात असतं, ते खरंच आहे. आता ते कागदावर आणायचं. मुलीने त्यांच्या चालू कामातला एक स्लॅब घ्यावा. समजा सेंट्रिंगला ५ दिवस, सळई बांधायला ३, लाइटचे पाइप टाकायला १ आणि स्लॅब टाकायला १. हॉलचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबचे टेकू निदान १४ दिवस काढायचे नसतात. ते निघाल्याशिवाय खाली गिलावा सुरू होत नाही. म्हणजे सेंट्रिंग सुरू केल्यापासून गिलाव्यापर्यंत २४ दिवस. सेंट्रिंग सुरू केलं त्याच दिवशी फॅब्रिकेटरकडे खिडक्यांचे ग्रिल करायला टाकलेत, त्याला १० दिवस लागतात आणि तेही गिलाव्याआधी बसायला हवेत. आता बघा, ग्रिलवाल्याने १४ दिवस उशीर केला तरी घर थांबत नाही. सेंट्रिंगवाला एक दिवस आला नाही, तर सगळं घर एक दिवस मागे.

ग्रिलवाल्याच्या त्या १४ दिवसांना फ्लोट म्हणतात आणि ज्या साखळीत फ्लोट शून्य, ती क्रिटिकल पाथ. या विषयाचा गाभा हाच. बहुतेक मालक फोन करून ओरडतात ते ग्रिलवाल्यावर, कारण त्याचा उशीर डोळ्यांना दिसतो. प्लॅनिंग इंजिनिअरला माहीत असतं की चार दिवस वाचवायचे तर सेंट्रिंगला माणसं वाढवायला हवीत. आणि टेकूंचे १४ दिवस कितीही मजूर लावले तरी कमी होत नाहीत, हेही त्याला माहीत असतं.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची. सॉफ्टवेअरमध्ये 'कॅलेंडर' नावाचा भाग असतो, त्यात कामाचे आणि सुट्टीचे दिवस भरायचे. पुस्तकातली उदाहरणं रविवारची सुट्टी भरून पुढे जातात. आपल्याकडे सप्टेंबर संपता संपता सोयाबीन काढणीला आलं की साइटवरचे बिगारी शेतात जातात. दसऱ्यानंतर बीड भागातले मजूर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात नदीतला वाळूउपसा बंद. एप्रिल-मेमध्ये मजूर असतात, वाळू असते, पण स्लॅबवर मारायला पाणी नसतं, टँकर सांगावा लागतो. हे सगळं ज्या वेळापत्रकात नाही ते मराठवाड्यात पहिल्याच महिन्यात कोलमडतं. मुलीने वडिलांच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या डायऱ्या चाळून कोणत्या महिन्यात किती दिवस काम बंद होतं आणि का, एवढं काढावं. कॉलेजच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

हे शास्त्र आलं कुठून, हेही तिला आवडेल. रेघांच्या तक्त्याने काम दाखवायची पद्धत हेन्री गँट यांच्या नावाने ओळखली जाते, ती १९१०च्या दशकात रूढ झाली. क्रिटिकल पाथची रीत १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली. रासायनिक कारखाने उभारताना आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवताना दिवस वाया जाऊ नयेत, हा त्यामागचा व्यवहार. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही नियोजनाची पद्धत काढली. आपल्या साखर कारखान्यांत दर वर्षी हेच चालतं. गाळप संपलं की मिलचे रोलर, बॉयलरच्या नळ्या, टर्बाइन सगळं खोलून दुरुस्ती होते आणि मोळी टाकायच्या आत शेवटचा बोल्ट आवळलेला असावा लागतो. लातूर जिल्ह्यात कारखाने कमी नाहीत. ओळखीने परवानगी मिळाली तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने तिथे महिनाभर जावं. सिव्हिलची असली तरी चालेल, शटडाउनचं नियोजन डोळ्यांनी बघायला मिळतं.

शिकायचा क्रम मी असा सुचवेन. आधी आलेख कागद आणि पेन्सिल. मग एक्सेल. मग प्रोजेक्टलिब्रे हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर टाकून वडिलांचं एक पूर्ण घर त्यात मांडायचं, जोत्यापासून रंगापर्यंत. जोडीला आयआयटी मद्रासचा प्रकल्प नियोजनावरचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आहे, व्हिडिओ मोफत आहेत. इंग्रजी जड गेलं तरी थांबवून थांबवून बघावा, ते शब्द पुढे रोजच लागणार आहेत. एवढं झालं की शेवटच्या वर्षात फक्त प्रायमाव्हेराचा छोटा क्लास लावा, पीएमपीशिवायचा. तोपर्यंत तिला कळलेलं असेल की त्या क्लासकडून नेमकं काय घ्यायचं. पुढे शिकायचं असेल तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन बांधकाम व्यवस्थापनात एम.टेक. करता येतं. पुण्याची निकमार ही शिक्षणसंस्था त्याच विषयासाठी नावाजलेली आहे, पण खर्च मोठा आहे, घरात बसून हिशेब करूनच ठरवा.

आता ऑफिस की साइट. दोन्ही. संध्याकाळी साइटवरून दिवसभराचा अहवाल येतो, त्याला डीपीआर (डेली प्रोग्रेस रिपोर्ट) म्हणतात. किती घनमीटर काँक्रीट झालं, किती माणसं होती, काय अडलं. तो मूळ वेळापत्रकाशी ताडून पुढच्या तीन आठवड्यांची कामं ठरवायची. आणि उशीर झाला तर तो कुणामुळे, हे तारखेनिशी नोंदवायचं. हे काम फार महत्त्वाचं आहे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि बीडहून प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ला. मोठी कामं जमीन आणि निधी यांच्यापायी अशी लांबतात. जमीन ताब्यात कधी आली, ड्रॉइंग कधी मिळालं, याची नोंद असेल तर मुदतवाढ मागता येते. नसेल तर दंड कंत्राटदाराच्या डोक्यावर. मुलीच्या वडिलांना हे वेगळं सांगायला नको.

एक आग्रह आहे. नोकरी लागल्यावर पहिलं दीड-दोन वर्ष तिने प्रत्यक्ष बांधकामावर काढावं, थेट प्लॅनिंगच्या खुर्चीत बसू नये. साइटवर ज्याने पाय मळवले नाहीत, त्याच्या तारखांवर फोरमन विश्वास ठेवत नाही.

झेपेल का, असं तुम्ही विचारलंत. काम झेपण्याचा प्रश्नच नाही, ताई. मुलींची अडचण होते ती राहण्याची, जाण्यायेण्याची आणि साइटवरच्या संडासाची. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतात, तेव्हा तिने हे तिन्ही सरळ विचारावेत: राहायची सोय कंपनीची आहे का, संध्याकाळी उशीर झाला तर गाडी मिळते का, साइटवर बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का. आणि शक्य असेल तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या मुलीचा नंबर मागून तिच्याशी बोलावं. ज्या कंपनीला हे प्रश्न आवडत नाहीत, तिथे जाऊ नये.